झाकणावरची खूण

अल्लीपुरात उन्हाळा कुलरच्या आवाजाने सुरू होतो. मार्च सरताना माळ्यावरचे कुलर खाली उतरतात, त्यांच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात आणि खिडकीजवळच्या बोर्डात त्यांची वायर खोचली जाते. घरातले दिवे, पंखे आणि कुलर एकाच मार्गावर असले, तर ऐन दुपारी कुलरची मोटर अडखळताच मीटरजवळचा खटका पडतो आणि सगळे घर ठप्प होते. या गैरसोयीवर चिंधू ताकसांडे नावाच्या वायरमनने पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक उपाय काढला. मीटरपासून कुलरसाठी वेगळी तार आणायची, तिला वेगळा खटका द्यायचा. शेवट मात्र खिडकीजवळच्या त्याच जुन्या बोर्डात करायचा. वरचे सॉकेट घराच्या लाइनवर, खालचे कुलरच्या. कुलरचा खटका पडला तर कुलर तेवढा थांबे. पंखा फिरत राही. नवा बोर्ड बसवायला भिंत फोडावी लागत नसे, आणि भिंत फोडू न देणे हा गावातल्या गृहिणींचा एकमुखी आग्रह होता.

हे करताना आपण एक नियम ओलांडतो आहोत, याची चिंधूंना पूर्ण जाणीव होती. परवान्याच्या परीक्षेपूर्वी वर्ध्याला जो प्रशिक्षण वर्ग झाला, तिथल्या निदेशकांनी फळ्यावर दोन ओळी लिहून दिल्या होत्या, आणि त्या चिंधूंना अजून पाठ आहेत. एका डब्यात दोन वाटांनी वीज येत असेल, तर दोन्ही वाटा एकाच हाताने, एकाच वेळी बंद झाल्या पाहिजेत. ते जमणार नसेल, तर दोन डबे करा. दोन खटके एकत्र जोडण्याची सोय बाजारात होती. पण मग कुलरबरोबर पंखाही बंद पडला असता आणि सगळ्या खटाटोपाचा हेतूच उरला नसता. दोन डबे करायचे तर भिंत आडवी येत होती. चिंधूंनी नियमाऐवजी खूण शोधली. ज्या बोर्डात दोन लाइन येतात, त्याच्या पांढऱ्या झाकणावर उजव्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका. त्यासाठी बायकोची, अन्नपूर्णेची, नेलपॉलिशची बाटली त्यांच्या अवजारांच्या पिशवीत कायमची राहायला आली.

‘‘माह्या नखाले लावाले थेंब राह्यला नाई,’’ अन्नपूर्णा शेजारणींना सांगायची, ‘‘अन् गावाच्या भिंती नटून राह्यल्या.’’

गावाने त्या ठिपक्याला टिकली म्हटले. हळूहळू टिकली ही कामाची भाषा झाली. टिकली असेल तर दोन्ही खटके पाडा. टिकली नसेल तर एकच पुरे. चिंधूंच्या हाताखाली तयार झालेले तीन-चार वायरमन याच भाषेत शिकले. त्यांतला सर्वांत सावध अंकुश झाडे. तो स्वतंत्रपणे काम करू लागल्यालाही बरीच वर्षे झाली होती. तरी चिंधूंना तो मिस्त्री म्हणूनच हाक मारी. अंकुशच्या सावधपणाची गावात थट्टा होई. मेलेल्या तारेलाही हा आधी विचारतो, मग हात लावतो, असे लोक म्हणत.

चिंधूंचे नावसुद्धा एक खूणच होते. आधीची दोन मुले दगावल्यावर आईने तिसऱ्याला कोणाची नजर लागू नये म्हणून हे टाकाऊ वाटणारे नाव ठेवले, आणि मूल जगले. वस्तीतल्या बुद्धविहारात पुढे नव्या विचारांची भाषणे झाली, अशा समजुतींवर हसणेही झाले, आणि चिंधूही त्या हसण्यात सामील झाले. तरीसुद्धा एखादी साधी खूण माणसाला वाचवते, हा विश्वास त्यांच्या स्वभावातून गेला नसावा.

२०२२च्या फेब्रुवारीत आनंदाबाई भोयर यांच्या घरी लग्न निघाले. धाकटी मुलगी समीक्षा हिचे. रंगारी घरात येण्याच्या आदल्या दिवशी आनंदाबाईंनी चिंधूंना फोन केला. बोर्डांची झाकणे काढावी लागतील असे रंगारी म्हणत होते. चिंधूभाऊंनी येऊन काढून द्यावीत काय, असा त्यांचा प्रश्न होता. चिंधू त्या दिवशी सेलूला एका दुकानाच्या कामावर होते. झाकण तर नखानेही निघते, त्यासाठी मी कशाला हवा, असे ते हसत म्हणाले. ते खरेही होते. नव्या पद्धतीच्या बोर्डांवरचे बाहेरचे झाकण नुसते दाबून बसवलेले असते. तारांना हात न लावता ते निघते आणि दाबले की पुन्हा बसते. फोन ठेवताना चिंधूंच्या ध्यानात एवढे आले नाही की, त्याच मापाची सगळी झाकणे एकमेकांच्या जागी बसतात.

रंगाऱ्यांनी झाकणे काढली, धुतली, एका टोपल्यात ठेवली आणि भिंती वाळल्यावर हाताला येतील तशी बसवली.

चार दिवसांनी अंकुश तिथे गेला. खिडकीजवळच्या बोर्डाचे वरचे सॉकेट सैल झाले होते आणि चिंधू अजून सेलूलाच होते. अंकुशने बोर्ड पाहिला. झाकणावर टिकली नव्हती. त्याने घराचा खटका पाडला, वरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला. दिवा लागला नाही. झाकण काढून, आतली सॉकेटची पट्टी सोडवून त्याने डब्यात बोटे घातली. कुलर अजून माळ्यावर होता; परंतु कुलरची लाइन जागी होती. अंकुश स्टुलावरून फेकला गेला. उजव्या हाताची दोन बोटे भाजली, खांदा निखळला.

चिंधू सेलूहून पोहोचले तेव्हा अंकुशला ऑटोत घालून दवाखान्यात नेले होते. घरात आनंदाबाई एकट्या होत्या आणि रडत होत्या. चिंधूंनी आधी दोन्ही खटके पाडले. मग खिडकीखाली जमिनीवर पडलेले झाकण उचलून उलटसुलट पाहिले. ते पांढरेस्वच्छ होते. मग चिंधू स्वयंपाकघरात गेले. मिक्सरच्या बोर्डावर, जिथे दुसरी लाइन कधीच आणलेली नव्हती, तिथे लाल टिकली होती. त्यांनी ते झाकण काढले आणि खिडकीजवळ आणून बसवले. तिथले पांढरे झाकण स्वयंपाकघरात लावले. या कामाला दोन मिनिटेही लागली नसतील. पुढच्या माणसाला धोका होऊ नये, म्हणून खूण जिथली तिथे असली पाहिजे, असा विचार त्या क्षणी त्यांच्या मनात होता, आणि तो खोटा नव्हता. त्याच्या शेजारी दुसराही एक विचार होता.

तेवढ्यात आनंदाबाईंचा मुलगा प्रफुल दोघातिघांना घेऊन आत आला. त्याने बोर्डाकडे पाहिले.

‘‘टिकली तं हाये, मिस्त्री. अंकुशभाऊनं पाह्यली नाई?’’

‘‘घाईत असंल,’’ चिंधू म्हणाले.

त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामात त्यांनी अनेक चुका केल्या, आणि बहुतेक चुका दुसऱ्या दिवशी जाऊन दुरुस्त केल्या. हे दोन शब्द मात्र दुरुस्त करायला ते दुसऱ्या दिवशी गेले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत.

अंकुशने कोणाविरुद्ध तक्रार केली नाही. दीड महिन्यात हात बऱ्यापैकी वळू लागला. दोन बोटे ताठ राहिली, पण पकड आली. डॉक्टरांच्या मते हलके काम करायला हरकत नव्हती. तरीही अंकुशने अवजारांची पिशवी उघडली नाही. हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर त्याने चौकीदारी धरली. लोकांना वाटले, माणूस विजेला भ्याला. खरे कारण चिंधूंना कळले ते भेटायला गेल्यावर. अंगणातल्या खाटेवर बसून अंकुश समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आधी एक डोळा मिटून बघत होता, मग दुसरा.

‘‘टिकली केवढी होती, मिस्त्री?’’

‘‘जवारीच्या दाण्याएवढी.’’

‘‘मंग मले दिसली काऊन नाई?’’

चिंधूंनी कपाशीच्या भावाचा विषय काढला. नंतरच्या भेटींतही हा प्रश्न येत राहिला, आणि चिंधूंपाशी प्रत्येक वेळी एखादा दुसरा विषय तयार असे. पुढे अंकुशने विचारणे सोडले. डोळ्यांच्या शिबिरात त्याने दोनदा तपासून घेतले. नजर चांगली निघाली, आणि त्यामुळे तो अधिकच खचला. डोळे ठीक असतील तर दोष लक्षाचा. आणि ज्याचे लक्ष ठीक नाही, त्याने दुसऱ्याच्या घरातल्या तारेला हात लावू नये, असा त्याने स्वतःपुरता निकाल देऊन टाकला. घरातला बल्ब गेला, तर बदलायला मुलगी काजल स्टुलावर चढे. तो खाली उभा राहून दहा वेळा खटका पाडल्याची खात्री करून घेई.

या काळात चिंधूंनी एक मोठे काम केले. गावात जिथे जिथे त्यांनी एका बोर्डात दोन लाइन आणल्या होत्या, त्या प्रत्येक घरी ते स्वतःहून गेले. भिंत फोडू देणार नाही म्हणणाऱ्या बायांशी वाद घातला. पूर्वी कधी घातला नव्हता तेवढा. कुलरसाठी वेगळा डबा बसवला, दोन्ही लाइन वेगळ्या केल्या आणि झाकणावरची टिकली अन्नपूर्णेच्या नेलपॉलिश काढायच्या औषधाने पुसून टाकली. आनंदाबाईंच्या घरचे काम त्यांनी सर्वांत आधी केले. उतारवयात मिस्त्रीला कामाची एवढी हौस कुठून आली, म्हणून लोकांना नवल वाटे. प्रायश्चित्त हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, आणि वापरला असता तरी तो बरोबर ठरला नसता. कारण ज्याला जे द्यायचे होते ते त्याला न देता ते ती परतफेड साऱ्या गावाला वाटत होते. शेवटचा बोर्ड वेगळा झाला तेव्हा त्यांच्या हाती करण्यासारखे एकच काम उरले, आणि ते कामाच्या स्वरूपाचे नव्हते.

‘‘समद्या गावच्या भिंती फोडून झाल्या,’’ अन्नपूर्णा एकदा भाकरी वाढताना म्हणाली. तिला कोणी काही सांगितले नव्हते. ‘‘आता जिथं फोडाची हाये तिथं कधी जासान?’’

ते तरीही गेले नाहीत.

२०२४च्या जुलैअखेरीस काजल त्यांच्याकडे पेढे घेऊन आली. तिला हिंगणघाटच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या शाखेत प्रवेश मिळाला होता. बापाने विरोध केला का, असे चिंधूंनी विचारले. नाही, ती म्हणाली. उलट पहिल्या दिवशी जाताना त्याने तिला समोर बसवून बोध केला होता. हुशारी मागून, आधी नजर. तुझ्या बापाने समोर असलेली टिकली पाहिली नाही, ते विसरू नकोस. हे सांगताना काजलच्या बोलण्यात दुःख नव्हते. ती गोष्ट तिच्यासाठी जुनी झाली होती, आणि त्यामुळेच ती सहज पुढचेही बोलून गेली.

‘‘मोठेबाबा, सरांनी पह्यल्याच आठवड्यात विचारलं, निष्काळजीपणाचं उदाहरण कोण सांगते. मीच हात वर केला. बाबाचं सांगतलं.’’

चिंधूंच्या हातातला पेढा तसाच राहिला. काजल गेल्यावर अन्नपूर्णेने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि अंकुशला सुट्टी होती. चिंधू सकाळीच त्याच्या अंगणात पोहोचले. अंकुश सायकलच्या चेनला तेल देत होता. त्याची बायको सरिता चहा ठेवायला आत वळली, तेव्हा तिला थांबवून चिंधूंनी चहा नको म्हटले. मग प्रस्तावना न करता ते बोलले.

‘‘त्या दिवशी टिकली नव्हती, अंकुश.’’

‘‘कुठं?’’

‘‘खिडकीजवळच्या झाकणावर. रंगाऱ्यायनं झाकणं बदलून लावलती. टिकलीचं सैपाकघरात गेलतं. तुले नेल्यावर मी तिथून काढून खिडकीजवळ बसवलं.’’

अंकुशने तेलाची कुपी जमिनीवर ठेवली. ती कलंडली. त्याने ती उभी केली नाही.

‘‘म्हणजे नव्हतीच?’’

‘‘नव्हती.’’

अंकुशचा आवाज चढलेला नव्हता. हिशेबात न बसलेली एक जुनी गोष्ट तो जुळवून पाहत होता.

‘‘तुमी म्हटलं होतं का घाईत असंल. प्रफुलनं दवाखान्यात येऊन सांगतलं मले. मी म्हटलं, मिस्त्री म्हणते तं मी घाईतच असंल. मले घाई नव्हती. आनंदाबाईनं मले बसवून चहा पाजलता. मी बशीतनं पेलो. ते मले समदं आठवते. पण तुमी म्हटलं म्हणून मी चहाच खोटा धरला.’’

क्षमेचे शब्द चिंधू रात्रभर मनात जुळवत आले होते. अंकुशच्या या बोलण्यापुढे ते उच्चारणे म्हणजे स्वतःचीच सोय पाहणे ठरले असते. भाजलेल्या बोटांचा दोष रंगाऱ्यांशी, फोनशी, नियमाशी वाटून घेता आला असता. अडीच वर्षे एका सावध माणसाने स्वतःला बेसावध मानले, याचा दोष मात्र वाटून घेण्यासारखा नव्हता.

‘‘मले सांगून आता काय हुईन,’’ अंकुश म्हणाला. ‘‘काजलले सांगा.’’

काजल आतून आली. तिचे हात कणकेचे होते. चिंधूंनी तिला सुरुवातीपासून सांगितले: निदेशकांचा नियम, कुलरची लाइन, टिकली, आनंदाबाईंचा फोन, दोन झाकणे आणि ते दोन शब्द. सगळे ऐकून झाल्यावर तिने एकच गोष्ट विचारली, आणि ती विद्यार्थिनीची होती: खूण झाकणावर का केली, आतल्या डब्यावर का नाही? झाकण उघडण्याआधीच माणसाला दिसावी म्हणून, असे चिंधूंनी सांगितले. ते उत्तर बरोबर होते. ते बोलताना त्यांना कळले की, आपल्या साऱ्या चुका अशाच बरोबर उत्तरांतून झाल्या आहेत.

‘‘उद्या वर्गात सांगावं लागंन,’’ काजल बापाकडे पाहून म्हणाली.

‘‘सांगजो,’’ अंकुश म्हणाला. ‘‘मिस्त्रीचं नाव घेऊन सांगजो.’’

चिंधूंनी होकारार्थी मान हलवली. मग अंकुश उठला आणि पायात चप्पल सरकवत म्हणाला की, त्याला ते झाकण पाहायचे आहे.

तिघे आनंदाबाईंच्या घरी गेले. आनंदाबाईंना काय चालले आहे ते थोडे उशिरा समजले. समजल्यावर त्या म्हणाल्या, मी तर चिंधूभाऊंना फोन केला होता. खिडकीजवळचा बोर्ड तिथेच होता, कुलरचा नवा डबा त्याच्या शेजारी. अंकुशने डाव्या हाताच्या नखाने झाकण काढले आणि उजेडात धरले. कोपऱ्यात काही नव्हते. टिकली चिंधूंनीच पुसली होती, आणि इतकी नीट पुसली होती की ठिपक्याची कडासुद्धा राहिली नव्हती.

‘‘इथं होती?’’

‘‘इथं,’’ चिंधूंनी बोट लावून दाखवले.

अंकुश स्वयंपाकघरात गेला आणि मिक्सरच्या बोर्डाचे झाकण काढून घेऊन आला. दोन्ही झाकणे त्याने शेजारी शेजारी धरली. दोन पांढरे चौकोन. एकीकडे तेलाचा पुसट पिवळेपणा, एवढाच फरक. टिकली असती तर कोणते कुठले, हे त्याला पाहता आले असते. आता पाहण्यासारखे काही नव्हते. फक्त मिस्त्रीचा शब्द होता, जसा त्या दिवशीही फक्त मिस्त्रीचाच शब्द होता.

त्याने स्वयंपाकघरातले झाकण खिडकीजवळच्या बोर्डावर टेकवले. ताठ झालेल्या दोन बोटांनी ते दाबताना त्याला जोर लावावा लागला. काजल मदतीला पुढे झाली. त्याने तिला थांबवले आणि तळव्याने दाबले. कट् असा आवाज झाला.

‘‘बसते,’’ अंकुश म्हणाला.

ते तो कोणाला उद्देशून म्हणाला, हे त्याने सांगितले नाही. दुसरे झाकण त्याने चिंधूंच्या हाती दिले, आणि चिंधू ते लावायला स्वयंपाकघरात गेले.